पोटदुखीची भूमिका

पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात तिला सगळे फौजदारबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिचे कान तिखट, त्यामुळे पाठीमागचंही तिला ऐकू येई आणि मनातून बरंही वाटे. नर्सिंगचा डिप्लोमा करून, रीतसर नोंदणी होऊन तिला वीसेक वर्षं झाली होती. ती वॉर्डात शिरली की पेशंट उश्या सारख्या करून बसत, नातेवाईक कॉटखालचे जोडे आवरत, आणि दोन डॉक्टर तर असे होते की तिला बघून खिशातले हात बाहेर काढत. तिचं विचारणंही फौजदारीच होतं. "कुठे दुखतंय? कधीपासून? पोट साफ झालं?" उत्तर अर्धं आलं की उरलेलं अर्धं तिला ठाऊकच असे, मग ती पुढच्या कॉटकडे वळे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नियम निघाला की मजल्याची प्रमुख व्हायचं तर डिप्लोमा पुरणार नाही, पदवी हवी. आणि ते पद मिळालं कुणाला, तर सलाईनची सुई कशी धरायची हे जिला फौजदारबाईंनीच हात धरून शिकवलं होतं त्या मुलीला. मुलगी वाईट असती तर बरं झालं असतं, निदान रागावता तरी आलं असतं. पण ती फारच गुणी. येऊन म्हणाली, "सिस्टर, तुम्ही रागावल्या नाहीत ना?"

"मी कशाला रागावू?" असं म्हणून फौजदारबाईंनी त्या दिवशी औषधांचं कपाट तीनदा आवरलं. आठवडा संपायच्या आत त्या कॉलेजात जाऊन बी.एस्सी. नर्सिंगला नाव घालून आल्या.

घरी सांगितलं तेव्हा नवरा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होता. तो घड्याळं दुरुस्त करी आणि बोलण्याचं काम शक्यतो घड्याळांवर सोपवी.

"अहो, मी पुढे शिकणार आहे. डिग्री करणार आहे."

"बरं," तो म्हणाला.

सासऱ्यांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "सूनबाई, कॉलेज म्हणजे स्नेहसंमेलन असेल? नाटक बसवतात का तिथे?"

सासरे बसचे कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. आवाज असा की 'पुढे सरका' म्हणाले की बसच नव्हे, रस्त्यावरची माणसंही पुढे सरकत. पण त्यांचा जीव अडकला होता रंगभूमीत. तरुणपणी डेपोच्या नाटकात त्यांना एकदा एका वाक्याची भूमिका मिळाली होती. 'महाराज, शत्रू आला!' एवढंच. उत्साहाच्या भरात ते वाक्य त्यांनी तिसऱ्या अंकाऐवजी पहिल्याच अंकात म्हटलं. शत्रू बिचारा तयारच होता, तो आला, आणि प्रेक्षक वेळेच्या बरेच आधी घरी पोचले. त्यानंतर त्यांना कुणी भूमिका दिली नाही. पण आशा काही सुटली नव्हती.

कॉलेजात फौजदारबाईंचं बरं चाललं होतं. शरीरशास्त्र आलं, संख्याशास्त्र धडपडत आलं, कुठे अडलं तर शेजारच्या बाकावरची विशीतली पोरं 'मावशी, असं करा' म्हणून दाखवत. पंचाईत झाली ती एकाच विषयात. विषय होता रुग्णाशी संवाद. शिकवणाऱ्या मॅडम वयाने लहान, आणि आवाज कापसाच्या बोळ्यासारखा. त्यांचं म्हणणं असं की पेशंटला तोडायचं नाही. 'दुखतंय का?' असं विचारायचं नाही, 'कसं वाटतंय ते तुमच्या शब्दांत सांगा' असं म्हणायचं. आणि मग गप्प बसायचं.

"शांतता हेही एक साधन आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, वॉर्डात शांतता झाली म्हणजे कुणीतरी कॉटवरून उतरून पळालेला असतो," फौजदारबाई म्हणाल्या.

पोरं हसली. मॅडमही हसल्या, पण सरावात त्यांनी फौजदारबाईंनाच पुढे बोलावलं. बाकावरचा एक मुलगा पेशंट झाला. त्याने "मला कालपासून जरा" एवढं म्हणेपर्यंत त्याचं निदान होऊन गेलं होतं.

"तुम्ही त्याला 'गप्प बसा आणि सांगा' असं म्हणालात," मॅडमनी वहीत बघून वाचलं.

"हो मग. दोन्ही आलं ना त्यात."

त्या विषयात त्यांना पहिल्या चाचणीत इतके कमी गुण पडले की त्यांनी पेपर चारदा घडी करून पर्सच्या तळाशी कोंबला. आता घरी सराव करणं भाग होतं. संध्याकाळी त्या नवऱ्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "आज तुम्हाला कसं वाटतंय, जरा सविस्तर सांगा."

नवऱ्याने भिंग काढलं. घाबरून बायकोकडे पाहिलं. "काही नाही."

"काही नाही म्हणजे नक्की कसं?"

"म्हणजे काही नाही."

मग त्यांनी शांततेचं साधन वापरलं. त्या शांततेत नवऱ्याने एक घड्याळ दुरुस्त केलं, दुसरं उघडलं, आणि तिसऱ्याचा पट्टा बदलला.

"तो कसला पेशंट!" सासरे आतून म्हणाले. "मला घे."

आणि तिथून फौजदारबाईंची खरी कसोटी सुरू झाली. सासऱ्यांना 'गुडघ्याचं कसं आहे' असं विचारलं की गुडघा येई शेवटी. आधी येई ती बस, मग त्या बसचा ब्रेक, ब्रेक लागला तेव्हा मांडीवर पडलेले गृहस्थ, त्या गृहस्थांच्या हातातलं अंड्यांचं खोकं, आणि मग ते गृहस्थ पुढे कुणाचे व्याही निघाले तो सगळा इतिहास. फौजदारबाई खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसत. पहिल्या दिवशी त्या "मुद्द्यावर या, बाबा!" असं ओरडल्या तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण 'आले, आले' म्हणत खाली आली. पण हळूहळू जमायला लागलं. मान हलवायची, 'हं' म्हणायचं, आणि थोडं थांबून 'मग?'

इतकं जमलं की ते वॉर्डातही निसटायला लागलं. एक दिवस हर्नियाच्या एका पेशंटला त्या म्हणाल्या, "हं. मग?" आणि चक्क थांबल्या. पेशंटचा चेहरा पांढरा पडला. त्याने ताबडतोब दोन्ही मुलांना बोलावून घेतलं. "फौजदारबाई आज माझं सगळं ऐकून घेत होत्या रे. माझं काही खरं दिसत नाही."

परीक्षा जवळ आली. मॅडमनी सांगितलं की या वेळी पेशंटचं काम पोरं करणार नाहीत, बाहेरचं माणूस आणणार, म्हणजे ओळख नको आणि लबाडी नको. कॉलेजच्या दारावर तशी सूचना लागली होती. वडीलधारं माणूस हवं, थोडा अभिनय यावा. फौजदारबाईंनी ती सूचना पाहिली आणि विसरूनही गेल्या. त्यांना डबा पोचवायला आलेल्या सासऱ्यांनीही पाहिली. ते काही विसरले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सासरे घरात नव्हते.

"बाबा कुठे गेले?" फौजदारबाईंनी केस बांधता बांधता विचारलं.

नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. बापाने त्याला शपथ घातली होती. "काही नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडी ते इतकं नेहमीचं होतं की कुणाला संशयच येऊ नये.

परीक्षेची खोली म्हणजे सरावाच्या हॉलचा एक कोपरा. हिरव्या पडद्याआड एक कॉट, कॉटशेजारी स्टूल, आणि समोरच्या टेबलामागे मॅडम आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. या बाई भारदस्त होत्या, आणि त्यांच्या पेनचा आवाज हॉलबाहेरही ऐकू येई. फौजदारबाईंचा पाचवा नंबर. आधीची चार पोरं बाहेर आली ती डोकं खाजवत. "मावशी, म्हातारा भलताच आहे," एक जण कुजबुजला. "पोटात दुखतंय म्हणतो आणि बसचे मार्ग सांगतो."

तेव्हाच खरं तर लक्षात यायला हवं होतं. पण त्या मनात 'हं, मग' घोकत होत्या.

पडदा सारून त्या आत गेल्या. "नमस्कार. मी आजची तुमची परिचारिका," असं म्हणत त्यांनी मान वर केली.

कॉटवर सासरे होते. पांढऱ्या केसांखाली काळीकुट्ट मिशी, तिचं एक टोक जरा सैल. अंगावर त्यांच्या मुलाचा लग्नातला कोट.

फौजदारबाईंचं तोंड उघडं राहिलं. त्यातून काहीच बाहेर येईना. टेबलामागे पेन करकरलं. परीक्षक बाईंनी लिहिलं, 'शांततेचा वापर: उत्तम.'

"नमस्कार, बाई," सासरे म्हणाले. "आपली याआधी कधीच भेट झालेली नाही. मी परगावचा आहे. मला इथे कुणी म्हणजे कुणीही ओळखत नाही."

आता काय करावं? 'हे माझे सासरे' म्हणावं तर परीक्षा मोडते, आणि पुढची परीक्षा थेट सहा महिन्यांनी. फौजदारबाई स्टुलावर बसल्या. "बरं," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "तुम्हाला काय होतंय ते तुमच्या शब्दांत सांगा."

भूमिकेचा कागद कॉलेजने दिला होता आणि तो साधा होता. कालपासून पोटात दुखतंय. बाहेरचं खाल्लंय, पण खोदून विचारल्याशिवाय कबूल करायचं नाही. सासऱ्यांना ही भूमिका फारच तोकडी वाटली होती. त्यांनी तिला घरदार दिलं होतं.

"पोटात दुखतंय, बाई. पण पोटाचं काय एवढं? घरी ऐकायला कुणी नाही. मुलगा आहे, तो घड्याळाशी बोलतो. सून आहे. नर्स आहे. अख्ख्या वॉर्डाची नाडी बघते. आणि मी तोंड उघडलं की 'बाबा, गोळी घेतलीत का?' संपलं. हल्ली ऐकते, पण परीक्षेपुरतं."

फौजदारबाईंचे कान तापले. बावीसएक उत्तरं जिभेवर आली. रोज रात्री तुमच्या गुडघ्याला तेल कोण लावतं, हे तर पहिलंच होतं. पण समोर पेन तयार होतं. त्यांनी स्टुलाची कड धरली, मान हलवली आणि म्हणाल्या, "हं. मग?"

"मग काय," सासरे म्हणाले, आणि एकदम थांबले. त्यांचा चेहरा बदलला. कपाळावर घाम आला. ते हळूच पुढे वाकले. "सूनबाई, आता खरंच दुखतंय गं."

मॅडम कौतुकाने हसल्या. परीक्षक बाई पेन थांबवून बघत राहिल्या.

फौजदारबाईंनी पोटावर हात ठेवला. पोट ढोलासारखं ताणलं होतं. "खरं की खोटं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"खोटंच होतं. चौथ्या पोरापर्यंत खोटंच होतं. आता नाही."

झालं! दोन महिन्यांची मऊ बोलण्याची सगळी साधना कॉटखाली गेली आणि शस्त्रक्रिया वॉर्डाची फौजदारीण स्टुलावरून उठली.

"बाबा! काय खाल्लंत?"

"मी बाहेरचं काही"

"भूमिकेतलं नको! पोटातलं सांगा!"

"सफरचंदं," सासरे पडेल आवाजात म्हणाले.

"किती?"

"टोपलीतली."

"ती हिरवी? मुरंबा करायला आणलेली? सगळी?"

"वर गार दूध प्यायलो."

"पण का, बाबा?"

"अनुभव नको का!" सासरे कळवळून म्हणाले. "न दुखता दुखण्याचा अभिनय कसा करणार?"

फौजदारबाईंनी नाडी पाहिली, कपाळाला हात लावला, पोट चारही बाजूंनी दाबून पाहिलं, उलटी झाली का विचारलं. गॅस होता, दुसरं काही नव्हतं. "उठा. डाव्या हाताला शेवटचं दार. कोट इथेच ठेवा."

सासरे उठले, आणि कंडक्टरकीतही कधी धावले नसतील असे धावले. जाता जाता त्यांची मिशी निसटली आणि फौजदारबाईंच्या ॲप्रनला चिकटून राहिली.

परीक्षक बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "मी इतकी वर्षं परीक्षा घेते आहे," त्या मॅडमना म्हणाल्या, "पण अशी जवळीक कधी पाहिली नाही. पहिल्याच भेटीत ही पेशंटला बाबा म्हणते आणि तो हिला सूनबाई! आधीच्या चौघांना जे काढता आलं नाही ते हिने दोन प्रश्नांत काढलं. हे शिकवून येत नाही हो."

मॅडमनी आयुष्यात प्रथमच आपल्या विद्यार्थिनीकडे अभिमानाने पाहिलं.

फौजदारबाई उभ्या होत्या. पूर्ण गुण समोर दिसत होते. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला तर त्या आताच शिकल्या होत्या.   त्यांनी ॲप्रनवरची मिशी काढून टेबलावर ठेवली.

"बाई, मी त्यांची सूनच आहे."

"हो ना! मनाने तुम्ही"

"मनाने नाही. लग्नाने."

पुढची काही मिनिटं हॉलमध्ये बराच गोंधळ झाला. सासऱ्यांना त्या शेवटच्या दाराबाहेरून हाका मारण्यात आल्या. त्यांनी दाराआडूनच कबुलीजबाब दिला, कारण त्यांना अजून बाहेर येता येत नव्हतं. सूनबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि नाव त्यांनी रंगमंचाचं लावलं होतं, हे त्यांनी बसच्या आवाजात तीनदा सांगितलं. कॉलेजातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. शेवटी ठरलं की हा पेपर रद्द, पण फौजदारबाईंची परीक्षा आत्ताच, दुसऱ्या पेशंटवर.

दुसरा पेशंट म्हणून ग्रंथालयातल्या बाईंना उचलून आणलं. त्या नाराज होत्या. त्यांनी भूमिकेचा कागद नाकासमोर धरला आणि वाचून दाखवलं, "पोटात दुखतंय. कालपासून."

"हं. मग?" फौजदारबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

ग्रंथालयाच्या बाई कागद उलटसुलट करून बघत राहिल्या. कागदावर पुढे काही नव्हतं. फौजदारबाई थांबल्याच होत्या. अगदी आरामात, हात मांडीवर ठेवून.

"खरं सांगू का?" ग्रंथालयाच्या बाईंनी कागद खाली ठेवला. "पोटाचं मला काही नाही. माझी मान दुखते. पण तुम्हाला म्हणून सांगते, मानेचं कारण मान नाही, माझी धाकटी जाऊ आहे."

वेळ संपल्याची घंटा झाली तरी जाऊबाई संपल्या नव्हत्या. परीक्षक बाईंनी संवादाला चांगले गुण दिले. बाहेरचं खाल्ल्याचा शोध काही लागला नाही, म्हणून तिथले कापले. फौजदारबाई पास झाल्या. झगमगीत नाही, पण स्वच्छ.

बसथांब्यावर सासरे बाकाच्या एका टोकाला बसले होते. चेहरा उतरलेला, कोट मांडीवर. फौजदारबाई दुसऱ्या टोकाला बसल्या. 

"सूनबाई, तुझे गुण गेले माझ्यापायी."

"काही गेले, काही आले." त्या बाकावर जरा त्यांच्याकडे सरकल्या. "बाबा, ते सुनेबद्दल जे बोललात..."

"भूमिका गं ती. मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेत. पण त्या पेशंटला काय वाटतं? सुनेने काय करावं?"

सासऱ्यांनी खूप विचार केला. "त्याला वाटतं," ते अखेर म्हणाले, "तिने गोळीचं विचारावं. विचारायलाच हवं. पण त्याच्या आधी दुसरं काहीतरी विचारावं. काहीही. कसलंही."

बस आली. दोघं चढले, खिडकीजवळची जागा फौजदारबाईंनी त्यांना दिली. मग तिकीट फाडणाऱ्या तरुण कंडक्टरकडे बघत त्यांनी विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी तिकीट असंच फाडायचे का हो?"

"असं?" सासरे ताठ बसले. "असं फाडतात होय! अगं, त्याला एक मनगट लागतं..." घर येऊन गेलं, पुढचा थांबाही येऊन गेला, तरी मनगट संपलं नव्हतं. दोघं चालत परत आले, पण फौजदारबाईंच्या तोंडातून 'मुद्द्यावर या' निघालं नाही. एकदाच निघायला आलं होतं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

यथावकाश पदवी मिळाली. वरच्या मजल्याची जागा रिकामी झाली आणि ती त्यांना मिळाली. वॉर्डातले पेशंट अजूनही जोडे आवरतात, फक्त आता आवरून झाल्यावर बोलतातही. खालच्या मजल्याची ती गुणी मुलगी कधी कधी चहाच्या वेळेला वर येते. "सिस्टर, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं," म्हणते, आणि फौजदारबाई तिला बिस्किटं देतात. कपाट आवरत नाहीत.

सासऱ्यांचं मात्र नशीब उघडलं. परीक्षक बाईंनी मॅडमना बजावलं होतं की या गृहस्थांना सोडू नका, फक्त सुनेच्या वर्गापासून लांब ठेवा. पुढच्या वर्षी बोलावणं आलं. सासऱ्यांनी कळवलं की पोटदुखी करणार नाही, हृदयविकार असेल तर बोला. बरीच घासाघीस झाली. त्यांनी हृदयविकाराचा अनुभव कसा घेतला असता या विचाराने मॅडमना घाम फुटला आणि त्यांनी बेशुद्ध पेशंटची भूमिका दिली.

"एकही वाक्य नाही?" सासरे हिरमुसले. पण कलावंत माणूस, हट्टाने घेतली. महिनाभर घरी कोचावर निपचित पडून तालीम केली. परीक्षेत मुलं आली, नाडी बघून गेली, हाका मारून गेली, हे हलले नाहीत. शेवटची मुलगी त्यांच्या पापण्या उघडून बघत होती, तेवढ्यात घंटा झाली. बेशुद्ध पेशंट उठून बसला, कॉटवरून उतरला आणि चारी दिशांना वाकून त्याने सगळ्यांना अभिवादन केलं.

त्या मुलीला पेशंट शुद्धीवर आणल्याचे जादा गुण द्यावेत का, यावर मॅडम आणि परीक्षक बाई यांचं अजून एकमत झालेलं नाही.